गव्हर्नरसाहेबांचे कागद, मुक्काम जबल अली

एसीच्या पाइपखाली बादली ठेवली की ती कोणी न भरता संध्याकाळपर्यंत भरलेली असते. आमच्या ऑफिसातले किस्से तसेच साचले. आम्ही आमचं काम करत होतो, ते ठिबकत होते. परवा अजमानला आमच्या घरी वसईची मंडळी जेवायला जमली तेव्हा मी एक सांगितला, त्याला लागून दुसरा, मग तिसरा. शेवटी नवरा म्हणाला, "लिहून तरी काढ गं, दर वेळी वेगळंच सांगतेस." म्हणून हा खटाटोप.

आधी ऑफिस सांगते. दुबईला जबल अलीच्या फ्री झोनमध्ये गोदामांच्या रांगेमागे आमच्या कंपनीचा एक मजला आहे. अमेरिकेतल्या एका राज्याचे एक गव्हर्नर होते. आता हयात नाहीत. मोठा सुधारक माणूस. तुरुंग सुधारले, मनोरुग्णांची इस्पितळं सुधारली, सरकारी नोकरीतला वशिला बंद करायला निघाले, आणि पुढच्या निवडणुकीत पडले. त्यांची भाषणं, पत्रं, डायऱ्या, झालंच तर किराण्याच्या चिठ्ठ्या, असं सगळं घरच्यांनी एका लायब्ररीला दिलं. लायब्ररीने तिकडेच त्या कागदांचे फोटो काढले. ते फोटो वाचून कोणी, कोणाला, कशाबद्दल लिहिलंय याची नोंद करायचं आणि डायऱ्या-भाषणं टाइप करायचं काम तिने लंडनच्या एका कंपनीला दिलं. लंडनने ते आम्हाला दिलं. अशा रीतीने एका अमेरिकन नेत्याची अब्रू वसई, श्रीवर्धन आणि नौपाडा या तीन गावांच्या हातात आली.

वसई म्हणजे मी, जेसिंता. श्रीवर्धन म्हणजे मुनाफभाई, माझ्या शेजारच्या डेस्कवरचे, सेक्शनमधले सगळ्यांत जुने. आणि नौपाडा म्हणजे आमचे मॅनेजर करंदीकर सर. सर माणूस वाईट नाही. फक्त 'क्लायंट' हा शब्द कानावर पडला की त्यांचा पाठीचा कणा कुठेतरी निघून जातो.

गव्हर्नरांचं नाव सांगत नाही. कॉन्ट्रॅक्टमध्ये बंदी आहे. आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो.

*

पहिल्याच दिवशी करंदीकर सरांनी आम्हाला ट्रेनिंग दिलं. प्रोजेक्टरवर साहेबांचा फोटो. सर म्हणाले, "गव्हर्नर म्हणजे आपले राज्यपाल. शपथविधी, झेंडावंदन, पदवीदान. थोडक्यात शोभेचं पद. त्यामुळे सब्जेक्टच्या कॉलममध्ये काही सुचलं नाही तर 'समारंभ' टाका आणि पुढे चला. यल्ला."

आम्ही चाललो. तुरुंगात दंगल झाली, समारंभ. कोळशाच्या खाणीत संप झाला, समारंभ. साहेबांनी स्वतःच्याच पक्षाच्या खजिनदाराला हाकललं, तोही समारंभ.

दोन-चार दिवसांनी मुनाफभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलं, "बाय, शोभेच्या माणसाला लोक एवढ्या शिव्या देतात काय?"

मी म्हटलं, "तुम्ही सरांना विचारा."

त्यांनी विचारलं. सरांनी लंडनला विचारलं. लंडनने काय उत्तर दिलं ते आम्हाला कधी दाखवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सर प्रोजेक्टरजवळ उभे राहिले आणि जराही न अडखळता म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, गव्हर्नर म्हणजे मुख्यमंत्री समजायचं."

पहिलं सगळं काम परत करावं लागलं. सरांच्या रिपोर्टमध्ये त्याचं नाव होतं 'क्वालिटी ड्राइव्ह'.

*

प्रत्येक कागदाला दोनपैकी एक शिक्का द्यायचा होता. पर्सनल किंवा पॉलिटिकल. ऐकायला सोपं वाटतं. पण साहेबांच्या बायकोने त्यांना लिहिलेल्या पत्रांपाशी आम्ही अडलो. बाई लिहायची की शेतकऱ्यांचं शिष्टमंडळ परत जेवायला आणणार असशील तर आधी कळव, घरात टेबल एकच आहे. किंवा, तू कायदेमंडळात जे वाक्य बोललास ते माझं आहे, निदान घरी तरी कबूल कर.

हे पर्सनल की पॉलिटिकल?

करंदीकर सरांनी पत्रं वाचली आणि दहा मिनिटं विचार करून नियम काढला. "ज्यात तक्रार आहे ते पॉलिटिकल."

झालं. साहेबांच्या बायकोची झाडून सगळी पत्रं पॉलिटिकलमध्ये गेली. पर्सनलमध्ये उरलं काय, तर दातांच्या डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटी आणि कुत्र्याचं लायसन.

लायब्ररीकडून खरमरीत मेल येणार म्हणून सर आठवडाभर जपून वागत होते. मेल आलाही, पण शांत होता. तिथल्या बाईंनी लिहिलं होतं, "पत्नीची पत्रं कृपया पर्सनलमध्ये हलवावीत. निवडणुकीच्या वर्षातली मात्र आहेत तिथेच राहू द्यावीत. आम्हीही चर्चा केली आणि तुमचंच बरोबर वाटलं."

सरांनी त्या मेलची प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावली. फक्त शेवटची ओळ.

*

साहेब निवडून आले होते ते 'सरकारी नोकरीत वशिला बंद' या एका वाक्यावर. त्यांच्या कागदांत एक भलामोठा गठ्ठा होता. तो उघडला तर पत्रामागून पत्र एकाच साच्यातलं. पहिल्या परिच्छेदात, वशिलेबाजीविरुद्धचं आपलं भाषण ऐकून डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या परिच्छेदात, माझा भाचा अत्यंत हुशार आहे.

न्यायाधीशांचे भाचे, पाद्र्यांचे पुतणे, एका वर्तमानपत्राच्या संपादकाचा जावई. साहेबांनी प्रत्येकाला सभ्य नकार पाठवला होता. पुढे पुढे नकार आखूड होत गेले. शेवटच्या काहींवर नुसतं 'नाही' आणि सही.

मुनाफभाई म्हणाले, "माणूस पडला कशाने ते कळलं. भाच्यांनी पाडला."

हा गठ्ठा आमच्या हातात असतानाच सेक्शनला नवीन क्वालिटी चेकर आला. नाव दर्शन, शिक्षण एमबीए, आणि नातं म्हणाल तर करंदीकर सरांच्या साडूंचा मुलगा. इंटरव्ह्यू झाला म्हणे, इंटरनॅशनल सिटीत सरांच्या घरी, पुरणपोळीच्या जेवणानंतर.

सरांनी ओळख करून दिली, "हा पूर्ण मेरिटवर आलाय."

दर्शनला बिचाऱ्याला पहिलं काम तोच गठ्ठा मिळाला. संध्याकाळी मी त्याची शीट बघितली. वशिल्याच्या त्या झाडून सगळ्या पत्रांवर त्याने विषय टाकला होता, 'अभिनंदन'.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, दुसरा परिच्छेद वाचलास का?"

तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅम, सेकंड पॅरा तर नॉर्मल आहे ना?"

*

साहेबांचं अक्षर म्हणजे मुंगी शाईत बुडवून कागदावर सोडावी तसं. डायरीत जागोजागी एक शब्द यायचा. 'र' आणि 'फ' स्पष्ट, पुढे नुसती लाट. दर्शनने तो 'रिफंड' असा वाचला आणि सेक्शनला तसं कळवून टाकलं. खरा शब्द होता 'रिफॉर्म'.

त्यामुळे आमच्याकडून अमेरिकेला जी डायरी गेली ती साधारण अशी होती. आज गावोगाव फिरलो, जनतेला रिफंड हवा आहे. माझ्याच पक्षातल्या लोकांना रिफंड नको आहे. पद गेलं तरी चालेल, पण मी रिफंड देणारच. आणि पराभवाच्या दिवशी, रिफंडची वेळ अजून आलेली नाही, पण एक दिवस येईल.

लायब्ररीच्या बाईंनी सगळं दुरुस्त करून पाठवलं. खाली शेरा होता, "कर परतीच्या विधेयकाच्या पानावर मात्र साहेबांनी खरोखरच रिफंड लिहिलं आहे. तिथे तुम्ही रिफॉर्म वाचलंत."

*

मग कंपनीने एक नवीन सॉफ्टवेअर घेतलं. एआय. ते पत्र वाचून त्याचा सूर सांगायचं, म्हणजे प्रेमळ, तक्रारीचं, औपचारिक असं काहीतरी. सर म्हणाले, "आता तुम्ही लोकांनी फक्त ओके दाबायचं." 'तुम्ही लोकांनी' म्हणताना ते आमच्या डोक्यांवरून मागच्या भिंतीकडे बघत होते, तेव्हाच आम्ही समजलो की पुढे 'तुम्ही लोक' कमी होणार आहेत.

साहेबांनी तुरुंगातला फटक्यांच्या शिक्षेचा नियम रद्द केला तेव्हा त्यांना धमक्यांची पत्रं आली होती. लिहिणारे सभ्य होते. "आमच्या तालुक्यात एकदा अवश्य यावं. आपलं असं स्वागत करू की आपण ते आयुष्यभर विसरणार नाही. सोबत सौभाग्यवतींनाही आणावं. नदीकाठची जागा निवडून ठेवली आहे."

सॉफ्टवेअरने नोंद केली, 'निमंत्रण. सूर प्रेमळ.'

मुनाफभाईंनी ओके दाबलं नाही. सर आले. "काय प्रॉब्लेम आहे? शब्द तर चांगलेच आहेत."

"सर, शब्द चांगलेच असतात," मुनाफभाई म्हणाले. "आमच्या वाडीत जमिनीचं भांडण झालं तेव्हा चुलत्यांनी असंच बोलावलेलं. अब्बा गेले नाहीत, म्हणून मी आज इथे आहे."

सरांना हे पटलं नाही. पण सॉफ्टवेअरचा प्रताप त्यांना नंतर स्वतःच्याच मेलवर कळला. सेक्शनमधल्या दोघांना काढल्याचं पत्र त्यांनी एचआरला पाठवण्याआधी गंमत म्हणून मशीनला वाचायला दिलं. मशीन म्हणालं, 'अभिनंदन. सूर प्रेमळ.'

ते दोघे त्याच महिन्यात गावी गेले. मशीन अजून आहे.

*

माझी मुलगी अ‍ॅलिशा सातवीत आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, असा आमचा संसार आहे. तिला शाळेत आवडत्या नेत्यावर बोलायचं होतं. मी म्हटलं, आमच्या साहेबांवर बोल. मी तिला सगळं सांगितलं. तुरुंग, इस्पितळं, भाचे.

"डिड ही विन?" तिने विचारलं.

"एकदा. मग हरले."

"अँड द गाय हू बीट हिम? व्हेअर आर हिज पेपर्स?"

मी दुसऱ्या दिवशी लायब्ररीच्या बाईंना मेल टाकून सहज विचारलं. उत्तर आलं, "त्यांनी पद सोडताना जाळले."

अ‍ॅलिशाने हेच भाषणात सांगितलं. टीचरने तिला शेरा दिला की विषय राजकारणाकडे झुकतोय. मग पुढच्या भाषणासाठी तिने आवडता प्राणी घेतला.

*

साहेबांचं एक भाषण होतं, फळं डबाबंद करण्याच्या कारखान्यातल्या बायकांपुढे केलेलं. ते टाइप करताना आम्ही सगळेच हळवे झालो होतो. पान फाटलेलं होतं, म्हणून एक तुकडा एकाने, दुसरा दुसऱ्याने वाचायचा, असं ते आम्ही मिळून जुळवलं. 'माणूस म्हणजे पट्टा नव्हे, की कारखाना चालू तोवर तोही फिरत राहावा' अशी त्याची सुरुवात होती.

करंदीकर सरांनाही ते आवडलं. इतकं आवडलं की महिन्याच्या मीटिंगमध्ये त्यांनी ते स्वतःचं म्हणून घेतलं. लंडनची एचआर मॅडम समोर व्हिडिओ कॉलवर होती. सर हात पसरून म्हणाले, "फ्रेंड्स, माणूस म्हणजे पट्टा नव्हे. त्याला मन आहे, घर आहे, अभिमान आहे. आणि म्हणूनच मला अभिमान वाटतो की डेडलाइनसाठी आपली टीम या महिन्यापासून शनिवारीही येणार आहे."

मग मागून कोणीतरी हळूच भाषणाचं खरं पुढचं वाक्य म्हटलं, "आणि म्हणूनच त्याला त्याचा सुट्टीचा दिवस मागावा लागू नये." शेजारच्याने त्याच्या पुढचं म्हटलं. मग आम्ही सगळेच म्हणायला लागलो, शाळेत कविता म्हणतात तशा सुरात. शेवटपर्यंत. दर्शनसुद्धा म्हणाला.

लंडनच्या मॅडमने टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, हा कार्यक्रम बसवलेला आहे.

शनिवारचं काय झालं? अर्धा दिवस झाला. आणि सोमवारी मेल आला, की क्लायंटचं मटेरियल गोपनीय असल्याने ऑफिसच्या आवारात ते पाठ म्हणू नये.

*

आता शेवटचा. हा सांगायला मी मुनाफभाईंना फोन करून विचारलं. ते आता श्रीवर्धनला असतात, घरामागे सुपारीचं बघतात. म्हणाले, "सांग बाय, फक्त मी रडलो असं लिहू नको." तर ते रडले नाहीत.

लंडनहून मेल आला की साहेबांची मुलगी क्रूझवर दुबईला येते आहे, आणि वडिलांच्या कागदांचं काम बघायला आमच्याकडे येणार आहे. वय झालेलं, पण हिंडती-फिरती.

सर हादरले. कारण बघायला होतं काय? कागद अमेरिकेत. आमच्याकडे नुसते स्क्रीन आणि तिळाच्या चिक्कीचे डबे. सरांनी ड्रॅगन मार्ट नावाच्या चिनी बाजारातून पुठ्ठ्याच्या देखण्या पेट्या आणवल्या, साहेबांची पानं पिवळट कागदावर प्रिंट करून त्यांत भरली, आणि फार्मसीतून पांढरे सुती ग्लव्हज आणून आम्हा सगळ्यांना वाटले. काल प्रिंट काढलेला कागद आज ग्लव्हज घालून दोन बोटांत धरायचा. वर सूचना अशी, की मॅडमनी काही विचारलं तर एकच उत्तर. "ग्रेट मॅन, मॅम."

बाई आली. उंच, हातात काठी, पायात साधे कापडी बूट. सर पुढे वाकून चालत होते. पहिल्या डेस्कपाशी थांबून तिने विचारलं, "माझ्या वडिलांचे कागद वाचून तुम्हाला काय वाटलं?"

"ग्रेट मॅन, मॅम."

दुसऱ्या डेस्कवर तेच, तिसऱ्यावर तेच. मीही तेच म्हटलं. बाई प्रत्येकाला थँक यू म्हणत होती आणि तिचा चेहरा हळूहळू बंद होत चालला होता. हे वाक्य तिने जन्मभर ऐकलं असणार.

मग ती मुनाफभाईंपाशी आली. साहेबांच्या सगळ्या डायऱ्या मुनाफभाईंनी वाचल्या होत्या. तिने तोच प्रश्न विचारला. मुनाफभाईंनी सरांकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांच्या त्या इंग्लिशमध्ये म्हणाले, "मॅम, व्हेरी टायर्ड मॅन."

सर घाईने म्हणाले, "ही मीन्स ग्रेट."

बाईने हाताने त्यांना थांबवलं. माझी खुर्ची ओढून ती मुनाफभाईंच्या समोर बसली. "अजून सांगा."

मुनाफभाईंनी सांगितलं की डायरीत दर आठवड्याला एक ओळ असायची. उद्या घरी जाईन. मग काहीतरी निघायचं. तुरुंग, संप, पूर. पुढच्या आठवड्यात परत, उद्या घरी जाईन.

"आम्हाला फोनवरही तेच सांगायचे," बाई म्हणाली. "आई म्हणायची, वाढून ठेवू नका." मग तिने विचारलं, "तुम्हाला त्या ओळी कशा लक्षात राहिल्या?"

"मॅम, मी पण घरी हेच सांगतो."

मुनाफभाईंच्या मुलीचा निकाह गेल्या हिवाळ्यात झाला होता. रजा आधी मंजूर झाली होती. मग डेडलाइन आली आणि सरांनी ती पुढे ढकलली. मुनाफभाईंनी निकाह ऑफिसच्या पँट्रीत उभं राहून मोबाइलवर बघितला. नेटवर्क गेलं आणि नेमकं 'कबूल है' ऐकायचं राहून गेलं. हे सगळं त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. तिने विचारलं, म्हणून सांगितलं.

बाईने मान वळवून करंदीकर सरांना विचारलं, "हे घरी का गेले नाहीत?"

सर मनापासून म्हणाले, "प्रोजेक्टसाठी, मॅम. तुमच्या वडिलांच्या प्रोजेक्टसाठी."

"म्हणजे ह्यांनाही माझ्या वडिलांनीच अडवलं," ती म्हणाली.

सर हसले. त्यांना वाटलं, हसायचं असावं.

बाईने मुनाफभाईंचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि ग्लव्हज एकेक बोट ओढून काढला. मग डावा. दोन्ही नीट एकावर एक ठेवून हातात घेतले, काठी टेकत ती उठली आणि सरांसमोर जाऊन ते पुढे केले.

"आता हे तुम्ही घाला," ती म्हणाली. "ह्यांना घरी जायचं आहे."